पात्र कसे उघडावे

हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. आमची भांडणं उभ्याउभ्या व्हायची आणि उभ्याउभ्याच मिटायची. त्या दिवशी मात्र खुर्ची, वर चहा, चहाबरोबर उस्मानिया बिस्कीट. म्हटलं, आता काही खरं नाही.

"बाई," ते म्हणाले, "नववीला यंदापासून मराठी किंवा कॉम्प्युटर, असं ठेवतोय आपण. मुलांनी दोन्हींपैकी एक घ्यायचं."

"आणि मराठी घेणार कोण, सर? डोकं फिरलंय का कुणाचं?"

"तेच सांगतोय. दिवाळीच्या सुट्टीआधी मी स्वतः तुमच्या वर्गात येणार. पटावर पंधरा नावं हवीत, आणि पंधराही जणांनी न अडखळता एकेक पान वाचून दाखवायला हवं. तसं झालं तर वर्ग चालू. नाहीतर तुम्ही लायब्ररी सांभाळा."

आमच्या शाळेची लायब्ररी म्हणजे तीन कुलूपबंद कपाटं आणि मोडक्या बाकांचा ढीग. तिथे सांभाळायला फक्त झुरळं होती. मी चहा तसाच ठेवला आणि उठले. बिस्कीट मात्र खाल्लं, कारण राग आला की मला भूक लागते.

शाळा हैदराबादेत, सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत. खाली कापडाची दुकानं, वर आम्ही. कधीकाळी इथल्या मराठी लोकांनीच ती काढलेली. मी त्याच शाळेत शिकले आणि त्याच शाळेत शिकवायला लागले. माझ्या लहानपणी सगळे विषय मराठीत असत. मग गणित इंग्रजीत गेलं, त्याच्या मागोमाग शास्त्र गेलं, भूगोल गेला, आणि शेवटी मराठीचा एक तास उरला. तोही जेवणाच्या सुट्टीनंतरचा, म्हणजे पोरांच्या पोटात डबा आणि डोळ्यांत झोप.

त्यात ते दिवस कॉम्प्युटरचे. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि सगळ्या हैदराबादेला एकच वेड लागलं होतं. नारायणगुड्याला आमच्या घराखाली पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन तिथे प्रोग्रॅमिंगचे क्लास निघाले. गिरणीवाल्यानेच काढले. ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी अमेरिकेला निघालेलं. अशा वेळी आईबापांनी पोराला 'मराठी घे' म्हणावं अशी माझीसुद्धा अपेक्षा नव्हती. पण वर्ग माझा होता. तो बंद होणार म्हटल्यावर आधी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि घरी जाताना बसमध्ये चक्क रडू आलं. पदर तोंडाला लावून खोकल्याचं नाटक केलं.

फॉर्म भरून आले तेव्हा माझ्याकडे नऊ नावं उरली. त्यांतली चार पोरं फॉर्म भरायलाच विसरली होती.

या नवांची घरची भाषा मराठीच. म्हणजे आमचं इथलं मराठी, ज्यात 'हो'चं 'हौ' होतं, 'कशाला'चं 'कायकू' होतं आणि भांडण रंगात आलं की तेलुगू सुरू होतं. बोलायला लागली की ही पोरं कुणाला ऐकायची नाहीत. पण पुस्तक हातात दिलं की ततपप. एक मुलगा 'विद्यार्थी' या शब्दापाशी दर वेळी असा थांबायचा की बाकीचे वह्या काढून फुल्ली-गोळा खेळून घ्यायचे. आणि याला हेडमास्तरांपुढे अख्खं पान वाचायचं होतं.

अशातच एके दिवशी मी शेवटच्या बाकावरच्या मुलीला पकडलं. उंच, हडकुळी मुलगी. कधी बोलायची नाही, आणि बोलली तर उलट बोलायची. ती बाकाखाली काहीतरी वाचत होती. मी जाऊन ओढून घेतलं. आठ-दहा पानांचा इंग्रजी प्रिंटआउट, हाताळून हाताळून तेलकट झालेला.

"काय आहे हे?"

"गेमचं आहे, बाई. कॅरेक्टर अनलॉक करायचं."

मी फक्त 'कॅरेक्टर' ऐकलं. "तुझ्या कॅरेक्टरबद्दल मी तुझ्या आईशीच बोलते!"

वर्गात हशा फुटला. मीच येडी ठरले. मग तिने मला समजावून सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसं, हळूहळू. तिच्या मामाचं नारायणगुड्याला नेटचं दुकान होतं. तिथे एक गेम होता. त्यात अख्खं शहर, कुठेही जा, काहीही करा. सुरुवातीला एकच माणूस मिळतो. पण आणखी दहा जण आत दडलेले असतात. काहीतरी कामगिरी केली की त्यांतला एकेक खुलतो, आणि मग त्याला घेऊन खेळता येतं. कुणाला कसं खुलं करायचं ते या पानांत लिहिलेलं होतं.

"मग वाच की. लपवतेस कशाला?"

"समजतं कुठं, बाई? इंग्रजी कठीण आहे. फक्त एकाला येतं, तो कॉम्प्युटरला गेला. आता विचारलं तर भाव खातो." तिने माझ्या हातातल्या पानांकडे बोट केलं. "तुम्हाला येतं ना इंग्रजी? सांगा ना काय लिहिलंय."

नऊच्या नऊ पोरं माझ्याकडे बघत होती. जेवणानंतरचा तास, आणि एकाचाही डोळा मिटलेला नव्हता. असं दृश्य मी त्या वर्गात पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "लिहून देईन. मराठीत. आणि कागद वर्गातच वाचायचा, एकेकाने, मोठ्याने. घरी न्यायचा नाही."

"बाई, नक्को ना!" असा एक सूर निघाला. पण कागद हवा होता, त्यामुळे सूर लगेच मिटला.

आता लिहायचं तर आधी कळायला हवं. रविवारी सकाळी मी त्या नेटच्या दुकानात गेले. मामाने मला पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. माझाच जुना विद्यार्थी निघाला, मराठीत दोनदा नापास.

"बाई तुम्ही! परसोंच तर तुमच्या वर्गात होतो!"

हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या आधी केव्हाही. त्याच्या डोक्यावरचे अर्धे केस गेले होते.

त्याने मला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं आणि कानाला हेडफोन लावले. पडद्यावर एक बनियनवाला उभा होता. दंड हे एवढाले, मानेवर गोंदण, केस विंचरलेले नाहीत. म्हणे हा म्हणजे मी. मी त्याला दोन पावलं चालवलं, तो खांबावर आदळला. गाडीत बसवलं, गाडी समुद्रात गेली. आणि इतका आडदांड गडी गुडघाभर पाण्यात बुडून मेला! पुन्हा उठला, पुन्हा समुद्रात गेला. तासाभरात मी त्याला आठ-नऊ वेळा बुडवला. शेजारच्या मशीनवर पाचवीतलं एक पोर होतं, ते म्हणालं, "आंटी, ब्रेक बी रहता उसमें."

पण जिद्द म्हणून जी चीज आहे ती माझ्यात नको तितकी आहे. मी दर रविवारी जायला लागले. घरी सांगायचे, भाजी आणायला जाते. तीन तासांनी कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत यायचे. हळूहळू मला त्या गेममधली मेख कळली. बनियनवाल्याला पोहता येत नाही, म्हणून बेटावर जाता येत नाही. बंदरावरच्या मासेवालीला पोहता येतं, पण ती खुली झाल्याशिवाय मिळत नाही. विजेच्या खांबावर चढणारा एक लाइनमन आहे, तो मिळाला की छपरांवरून फिरता येतं. एक म्हातारा पहिलवान आहे, तो बंद दारं खांद्याने उघडतो. मग रस्त्यावरच्या टेलिफोनच्या डब्यात जायचं, नंबर फिरवायचा, आणि बाहेर येताना तुम्ही दुसरेच कुणीतरी झालेले. मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मासेवाली होऊन मी त्या समुद्रात उडी मारली आणि बुडाले नाही, तेव्हा दुकानात सगळ्यांसमोर मी टाळी वाजवली.

पहिला कागद मी मोठ्या ऐटीत लिहिला. शुद्ध, नीटस, मराठीच्या बाईंना शोभेल असा. "बंदरावर जावे. वीस पार्सले वेळेत पोचवावीत. त्यानंतर गोदामाच्या मागे दुसरे पात्र उघडेल." पोरांनी अडखळत, एकमेकांना ढोसत, पूर्ण कागद वाचला. 'पार्सले' शब्दापाशी पाच मिनिटं गेली. पण वाचला!

पुढच्या रविवारी मामा दुकानाच्या दारातच उभा.

"बाई, पोरांना काय सांगितलं तुम्ही? आठ दिवस झाले, नुसते डबे फोडतायत."

"कसले डबे?"

"गेममधले. कचऱ्याचे डबे, पिंपं, ड्रम, जे दिसेल ते फोडायचं अन् आत बघायचं."

मला काही उमजेना. सोमवारी वर्गात विचारलं, तर सगळे माझ्यावरच उलटले. "बाई, वीस पार्सलं पोचवली. गोदामाच्या मागे गेलो. पात्र नाहीच!"

"नाही कसं? तिथे एक बाई उभी असेल ना?"

"हौ, होती एक मासेवाली. मधी मधी येत होती. तिला ढकलून दिलं पाण्यात, अन् पात्र शोधलं."

"अरे, तीच तर पात्र!"

शेवटच्या बाकावरून ती उंच मुलगी म्हणाली, "बाई, पात्र म्हणजे भांडं. इडलीपात्र असतं तसं. तेलुगूत पण भांडंच."

मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग पोरंही हसायला लागली. आठ दिवस नऊ जणांनी त्या बिचाऱ्या मासेवालीला समुद्रात ढकलून इडलीपात्र शोधलं होतं! त्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर लिहिलं: नाटकातलं पात्र. नदीचं पात्र. पूजेचं पात्र. पात्र उमेदवार. एका शब्दात एवढं सगळं मावतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत नाही हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी 'पात्रपरिचय लिहा' असे प्रश्न घालत होते आणि पोरं काय लिहीत होती देव जाणे.

पुढच्या कागदात मी सरळ 'मासेवाली' लिहिलं. आधी 'कोळीण' लिहिणार होते, पण हात आवरला. आमच्याकडे समुद्र नाही, कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा. पोरांनी पुन्हा आठ दिवस छतं तपासली असती.

कागदांची बातमी फुटायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटरच्या सरांच्या खोलीत एसी होता, तिथे चपला बाहेर काढून जायचं. पण आत गेल्यावर मशीनला हात लावायचा नाही. मशीन नवीन होती, खराब झाली तर? म्हणून पोरं वहीत कॉम्प्युटरचं चित्र काढायची आणि त्याच्या भागांना नावं द्यायची. महिनाभर चित्रं काढून कंटाळलेली दोन पोरं माझ्याकडे आली. मग आणखी एक. मग दोघी बहिणी. एकदा जिन्यात सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही माझी मुलं पळवता आहात." मी म्हटलं, "सर, त्यांना माउस तरी धरू द्या, कुठे जायची नाहीत." त्यानंतर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही.

पट चौदावर गेला. वाचनही सुधारलं. 'विद्यार्थी'वाला आता 'पार्श्वभूमी' न थांबता म्हणायचा, कारण लाइनमनच्या कागदात तो शब्द तीनदा होता. मी त्यांना उजवं-डावं शिकवलं, कारण त्यांना फक्त 'सीधा हात' आणि 'उलटा हात' माहीत होते, आणि 'सरळ जा' म्हटलं की सगळे सीध्या, म्हणजे उजव्या हाताला वळायचे. सगळं छान चाललं होतं. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की पानं संपली.

अकराची अकरा पात्रं उघडून झाली. दिवाळीच्या सुट्टीला तीन आठवडे बाकी, पटावर चौदा नावं, आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. मी भीत भीत पाठ्यपुस्तक काढलं. दुसऱ्याच दिवशी एक पोरगा विचारायला लागला, "बाई, परत कॉम्प्युटरला जाता येतं का?"

काय करणार? मी बारावं पात्र बनवलं.

खरं सांगते, फार विचार केला नाही. तेव्हा आमच्या रूटवर बायका कंडक्टर नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, तोंडात शिट्टी. गौलीगुड्याच्या स्टँडवर पुरुषांची झुंबड एका हाताने मागे सारायच्या. त्यांच्यातली एक मी उचलली आणि गेममध्ये टाकली. लिहिलं, "या शहरात एक कंडक्टर दडलेली आहे. ती उघडली की शिट्टी मारताच कुठलीही गाडी थांबते, चोरावी लागत नाही. तिला उघडण्यासाठी आठ नंबरच्या बसमध्ये बसावे. पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत जावे. उतरू नये. कुणालाही मारू नये."

वर्गाने कागद वाचला तो श्वास रोखून. दुसऱ्या दिवशी तो इंग्रजी येणारा, भाव खाणारा पोरगा दारात हजर. त्याच्या इंग्रजी यादीत कंडक्टर नव्हती. त्याला वाटलं, बाईंकडे काहीतरी आतली माहिती आहे. मी त्याचं नाव पटावर लिहिलं. पंधरा.

मग मी पुढचे कागद लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता ते सूचनांसारखे राहिलेच नाहीत. त्या गेममधल्या बसगाड्या रिकाम्या धावायच्या, त्यांत कधी उतारू नसायचे. मी लिहिलं, कंडक्टरला प्रश्न पडतो, आपल्या बसमध्ये कुणीच का चढत नाही? ती रिकाम्या सीटांना तिकिटं देते, कारण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. शेवटच्या कागदात मी लिहिलं की एकदा बस पुलावरून जात असताना ती ड्रायव्हरला झापायला पुढे जाते. बघते तर ड्रायव्हरची सीट रिकामी आहे, आणि स्टिअरिंग आपोआप वळतंय. तिथे मी थांबले. मुद्दाम नव्हे. मला पुढचं सुचलंच नाही.

मामा शाळेतच आला. "बाई, पोरांना काय झालंय? मारामारी बंद, गोळीबार बंद. सगळे तास तास बसमधी बसून खिडकीतून बाहेर बघतात. बाकीची गिऱ्हाइकं घाबरली." मी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं.

त्याच दुपारी वर्ग सुटल्यावर ती उंच मुलगी मागे थांबली.

"बाई, मी तीनदा केलं. एकदाही उतरले नाही, कुणाला मारलं नाही. कंडक्टर आली नाही." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "ती नाहीच ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण हेडमास्तर आठवड्यावर आले होते, आणि पटावर बरोब्बर पंधरा नावं होती, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी म्हटलं, "खिडकीच्या बाजूला बसली होतीस का?"

ती जरा विचारात पडली. "नाही."

"मग!"

सोमवारी बसस्टॉपवर मामा भेटला. म्हणाला, "भाची काल दिवसभर दुकानात होती, बाई. आठ नंबरच्या बसमधी, खिडकीच्या बाजूला. जेवायला पण उठली नाही. म्हणाली, बाईंनी सांगितलंय."

मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. नापास पोरांच्या आयांनी मला तोंडावर शिव्या दिल्या आहेत, तेव्हाही नाही. दिवसभराची सुट्टी त्या पोरीने माझ्या एका थापेसाठी खिडकीशी बसून घालवली होती. वर्ग वाचवायचा म्हणून मी जे केलं ते कॉम्प्युटरच्या सरांनी केलं असतं, तर मी त्यांना शाळेतून हाकला म्हणाले असते.

हेडमास्तर यायचे त्या दिवशी मी वर्गात गेले, तर टेबलावर एक अर्ज ठेवलेला. त्या मुलीचा. मराठी सोडून कॉम्प्युटर मिळावा. अर्ज मराठीत होता आणि त्यात एकही चूक नव्हती, याचंच मला जास्त लागलं. हेडमास्तर अर्ध्या तासात येणार होते. मी अर्ज बाजूला ठेवला आणि उभी राहिले.

"ऐका रे," मी म्हटलं. "कंडक्टर नाही. त्या गेममध्ये अकराच पात्रं आहेत. बारावं मी बनवलं. कागद संपले, तुम्ही उठून जाल अशी भीती वाटली, म्हणून बनवलं. मी खोटं बोलले तुमच्याशी. आणि हिने तर समोर येऊन विचारलं, तरी खोटं बोलले."

जो गलका उठला तो खालच्या कापडाच्या दुकानापर्यंत गेला असेल.

"बाई! दोन हफ्ते बसमधी बसलो आम्ही!"

"मला गुंडांनी मारलं तरी मी उतरलो नाही!"

"मला तर पहिल्यापासून डाउट होता," भाव खाणारा म्हणाला.

"मग रोज खिडकी कायकू धरत होतास बे?"

दोघांनी दप्तरं उचलली. ती उंच मुलगी शांतपणे पुढे आली, टेबलावरचा आपला अर्ज घेतला आणि दाराकडे निघाली. म्हटलं, गेला वर्ग. दारात ती वळली.

"बाई, झूट तर झूट," ती म्हणाली. "पण मग ती बस कोण चालवतंय?"

"काय?"

"ड्रायव्हरची सीट रिकामी आहे ना? अन् स्टिअरिंग फिरतंय. मग चालवतंय कोण?"

"मला माहीत नाही."

"तुम्हीच बनवलंय ना?"

"हौ. पण पुढचं अजून सुचलं नाही."

"कंडक्टरच चालवत असंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"येड्या, ती तर मागून पुढे आली ना! कागद काढ, वाच!"

"लिहिलंय ना, 'ती दांडी धरून पुढे सरकली'! हे बघ!"

"त्याच्या आधीचं वाच! 'पुलावर येताच बसचा वेग मंदावला.' वेग कुणी मंदावला मग?"

दप्तरं खाली आली. घरी न्यायचे नव्हते तरी प्रत्येकाने गुपचूप उतरवून घेतलेले कागद बाहेर निघाले. पंधरा जण एकमेकांवर ओरडत होते, आणि जो तो आपलं म्हणणं खरं करायला माझी वाक्यं मोठमोठ्याने वाचून दाखवत होता. धडाधड, जोडाक्षरांसकट. 'विद्यार्थी'वाला तर बाकावर उभा राहून वाचत होता. मला मधे पडायचं सुचलंच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. हेडमास्तर केव्हा येऊन दारात उभे राहिले ते कुणाला कळलं नाही.

त्यांनी बोटाने डोकी मोजली. मग त्या मुलीच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "काय आहे ते? अर्ज का? आणि हा गोंधळ कसला, बाई? तास संपला का?"

मी तोंड उघडायच्या आत तिने अर्जाची घडी केली आणि खिशात कोंबली.

"नाही, सर," ती म्हणाली. "बस कोण चालवतंय ते बाईंना अजून माहीत नाही. त्यांचं लिहून होऊ द्या. तोवर आम्ही बसतो."